उताणी छत्री

धानोऱ्याच्या त्या माणसाला काहीही विचारलं तरी तो लगेच उत्तर देत नसे. पाणी घेता का, एवढं विचारलं तरी नाही. आधी तुमच्या तोंडाकडे पाही, मग नजर हळूच वर, दक्षिणेकडच्या आभाळात नेई, आणि काय विचारलं होतं ते आपणच विसरायला लागलो की त्याचं उत्तर येई. उत्तर पक्कं असे. त्यात नंतर फेरफार होत नसे.

मी आयुष्यभर भाव करत आलो. सुतळी आणि कंदिलाच्या काचा घेऊन आठवडी बाजार केले, मग रेडिओचे सेल विकले, मग ब्रह्मपुरीत स्वतःचं दुकान टाकलं. शिव्या देऊन भाव पाडणारे पाहिले, रडून पाडणारे पाहिले, रागानं उठून कोपऱ्यापर्यंत जाऊन परत येणारेही पाहिले. या सगळ्यांशी कसं वागायचं ते मला येतं. गप्प बसणाऱ्याशी मला कधीच जमलं नाही, आणि त्याच्याइतका गप्प बसणारा मला पुन्हा भेटला नाही.

आता तो नाही. त्याच्याबद्दल सगळे चांगलंच बोलतात. मी थोडं वेगळं बोलतो, कारण नुकसान माझं झालं.

गावात त्याला वायरलेसभाऊ म्हणत. पावसाळ्यात नदीचं पाणी किती चढलं ते खालच्या गावांना कळवायची एक चौकी होती. तिथलं बिनतारी यंत्र सांभाळण्यात त्याची सगळी नोकरी गेली. त्या यंत्रावर एका वेळी एकालाच बोलता येतं. पलीकडचा बोलून संपेपर्यंत आपलं बटण दाबायचं नाही. दाबलं तर दोघांचंही बोलणं पुरात जातं. त्याची थांबायची सवय तिथली, असं लोक सांगत. त्याच्या बायकोला हे मान्य नव्हतं. ती अंगानं भरलेली, हसरी आणि बोलायला गिरणीच्या पट्ट्यासारखी होती. तिनं मला पहिल्याच दिवशी सांगून टाकलं.

"नोकरीचं काही नाई जी. मले पाहाले आला तवापासून असाच हाये. माझ्या बापानं विचारलं, पोरगी पसंत हाये का. हा आढ्याकडे पाहून राह्यला. माझ्या बापानं दुसऱ्या पोराची चौकशी सुरू केली, तवा हा म्हनते, हाये."

तो शेजारीच खाटेवर बसला होता. तिचं दुसरं काहीतरी सुरू झाल्यावर तो म्हणाला, "दुसरा पोरगा वडश्याचा होता."

उपग्रहाचा आणि त्याचा संबंध कसा आला, ते मला नीट कळलं नाही. त्या वर्षांत सरकारचा उपग्रह वर बसला होता आणि टीव्हीचा टॉवर कोसभर लांब असो की शंभर कोस, छत्री लावली की चित्र दिसतं, अशी बातमी आमच्याकडेही आली होती. टेलिफोनची बोलणीही त्यावरूनच जातात, असं त्यानं कुठंतरी वाचलं. एवढं लांब जाऊन परत यायला बोलण्याला थोडा वेळ लागतो, असंही वाचलं. आपल्या थांबण्याला त्याला वरून पुरावा मिळाला. तेव्हापासून तो सांगू लागला की माणसाचा शब्द निघाला की आधी वर जातो, मग खाली येतो. तो खाली येण्याआधी जो उत्तर देतो त्यानं ऐकलेलंच नसतं. त्याची बायको पाहुण्यांना म्हणायची, "आमच्या मालकाची बात वर गेली हाये, तवरिक चहा घ्या."

उपग्रहाचं तो नाव घेत नसे. 'वरचा' म्हणे. वरचा आज बरा आहे, वरच्याला काल ढगांनी त्रास दिला, असं. पुढं अंगणात छत्री आल्यावर, पाण्याची पितळी घागर घेऊन कोणी तिच्यासमोरून गेलेलं त्याला चालत नसे. वरच्याची नजर घागरीवर जाते, म्हणे. यात काही तथ्य नव्हतं, हे मी तेव्हाही सांगू शकलो असतो. पण बाया खरंच वळसा घालून जात. त्याच्या घरातला रेडिओ मात्र बंद पडलेला होता, आणि गावातल्या कोणी रेडिओ दुरुस्तीला आणला तर तो हातही लावत नसे. म्हणायचा, वरून येते ते मी पाहतो, बाकीचं पाहायला दुनिया पडली आहे. मी रेडिओवर पोट भरणारा माणूस. मला हे बोलणं लागायचं.

त्याच्या अंगणात दुबेळक्याच्या, दोन फाट्यांच्या खुंटावर बांबूची एक पोकळ नळी तिरपी बसवलेली होती. तिचं वरचं तोंड दक्षिणेकडे आणि जरा मावळतीकडे, पण इतकं उंच की खालच्या तोंडाला डोळा लावायचा तर गुडघे टेकून मान मोडावी लागे. आलेल्या प्रत्येकाला तो त्या नळीतून पाहायला लावी. तहसीलदारालाही लावलं होतं म्हणतात. मीही पाहिलं. निळं आभाळ, एवढंच.

"दिसलं?" त्यानं विचारलं.

"काही नाही दिसत."

"बराबर," तो समाधानानं म्हणाला. "तिथीच हाये."

सगळं फिरत असताना हा एका जागी कसा बसून राहतो, असं मी त्याला एकदा विचारलं. खरं तर मला कंपनीच्या माणसापुढं बोलायला चार वाक्यं हवी होती. त्यानं थांबून घेतलं आणि मग मळणीच्या बैलांचं उदाहरण दिलं. खळ्यावर मेढीला, म्हणजे मधल्या खांबाला, बैलांची पात बांधतो, तेव्हा मेढीजवळचा बैल जागच्या जागी पाय उचलतो आणि कडेचा बैल धावत असतो. तरी पात सरळ राहते. मेढीजवळच्या बैलानं मान वळवून पाहिलं तर कडेचा त्याला नेहमी तिथंच दिसतो. "आपन आतला बैल," तो म्हणाला. "वरचा बाहेरचा. त्याले लगित पळाव लागते, म्हनून तो बसल्यावानी दिसते." हे वाक्य मी पुढं बऱ्याच ठिकाणी वापरलं. त्याचं नाव घेतलं नाही. धंद्यात कोणी घेत नाही.

आता माझं.

नागपूरची एक कंपनी या छत्र्या विकत होती. बारा फुटी कढई म्हणा ना. लोखंडी फासळ्या आणि त्यावर कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात ती जाळी. मध्यभागी कणसासारखा एक दांडा, त्याला कणीसच म्हणत, त्यातून वायर एका डब्यात, आणि डब्यातून टीव्हीत. टीव्हीची लाकडी पेटी मी रोज विकत होतो, पण छत्री आणि तो डबा वेगळी चीज होती. वैनगंगेच्या पलीकडे सगळं जंगल, टॉवर तिथं पोचत नव्हता. ग्रामपंचायती होत्या, विश्रामगृहं होती, तेंदूपानाच्या ठेकेदारांचे तळ होते, पैसेवाले धानवाले होते. त्या सगळ्या पट्ट्याची एजन्सी कंपनी एकाला देणार होती. मला ती पाहिजे होती. दुकान माझं होतं, पण लोक अजून मला सुतळीवालाच म्हणत. गडचिरोलीचा एक बापजाद्यांपासूनचा व्यापारी त्याच एजन्सीच्या मागं होता आणि मला पाहिलं की सुतळीचा भाव विचारायचा. माणसांसमोर विचारायचा. एजन्सी मिळाली असती तर त्याला छत्रीसाठी माझ्या दुकानाची पायरी चढावी लागली असती. मला हेच पाहिजे होतं, दुसरं काही नाही.

कंपनीची अट साधी होती. टॉवरपासून लांब, जंगलात, त्यांच्या साहेबाला स्वच्छ चित्र दाखवा. मी एक छत्री स्वतः विकत घेतली, ब्रह्मपुरीत गच्चीवर चढवली, नागपूरहून मेकॅनिक बोलावला. त्यानं दिवसभर ती गरागरा फिरवली आणि संध्याकाळी टीव्हीवर मुंग्या दाखवून निघून गेला. बोटभर इकडे किंवा तिकडे झालं की संपलं, अशी ती वस्तू. मग मला कोणीतरी धानोऱ्याच्या वायरलेसभाऊचं सांगितलं. त्याच्याकडे छत्री नाही, पण तो उपग्रह कुठं आहे ते रोज पाहतो म्हणाले.

ट्रकमध्ये छत्री, डबा आणि दुकानातला एक टीव्ही टाकून मी गेलो. त्यानं फासळ्यांवरून हात फिरवला, जाळीला नखानं टिचकी मारली आणि माझ्याकडे न पाहता मान हलवली. मी अंगणाच्या भाड्याची गोष्ट काढली. आकडा सांगितला. तो गप्प. आकडा कमी वाटला असेल म्हणून मी वाढवला. तो वर पाहत होता. मी आणखी वाढवला, वर त्याच्या कामाची वेगळी मजुरी लावली. बायको दारात उभी राहून पदर तोंडाला लावून हसत होती. मी इतका चढलो की तेवढ्यात धानोऱ्यात दुकान भाड्यानं मिळालं असतं, तेव्हा तो बोलला.

"भाडं नाई पाह्यजे. पन अंगन माझं हाये. जो येईन तो बसन. कोनाले उठ म्हनाचं नाई."

त्याला पहिल्यापासून भाडं नकोच होतं. मग मला एवढं कशाला चढू दिलं, असं मी चिडून विचारलं. तो म्हणाला, "तुमी बोलून राह्यले होते."

छत्री त्यानं दोन दिवसांत बसवली. एका फासळीला मुठीनं टोले देत आणि मधेमधे बांबूच्या नळीशी जाऊन गुडघे टेकत. चित्र आलं तेव्हा मी तिथंच होतो. चंद्रपुरात टॉवरखाली दिसतं त्याहून स्वच्छ. छत्री जमिनीवर जवळजवळ उताणी पडली होती, तोंड वर करून, आणि समोर खाटेवर ठेवलेल्या टीव्हीत एक बाई मराठीत धानावरच्या रोगाचं सांगत होती. संध्याकाळी अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. बौद्ध मोहल्ल्यातले आले, पाटलाच्या घरच्या बाया आल्या, गोंड टोल्यावरचे म्हातारे काठ्या आडव्या ठेवून बसले. कोण कोणाच्या शेजारी बसलं ते आधी बसलेल्यांनी पाहिलं, मग टीव्ही पाहिला. पाटलाची सून कोणाला तरी 'तिकडे सरक' म्हणाली. वायरलेसभाऊ उठून तिच्याजवळ गेला आणि उभा राहिला. बराच वेळ उभा राहिला. शेवटी तीच सरकली.

हे मी पाहिलेलं सांगतो. माणूस वाईट होता असं माझं म्हणणं नाही.

साहेबाचं येणं मार्चात ठरलं. वेळ ठरवायला मी धानोऱ्याला गेलो. त्या आधी मी दुपारी, सकाळी, संध्याकाळी, सगळ्या वेळी चित्र पाहिलेलं होतं. दुपारी कॉलेजच्या पोरांसाठी इंग्रजीत काही शिकवत तेसुद्धा सुईसारखं दिसे. म्हणून वेळेचा प्रश्न येईल असं माझ्या मनात नव्हतं.

त्यानं मला आधी नळीपाशी नेलं. नळीच्या खालच्या तोंडासमोर, जमिनीवर, उन्हाची एक बारीक फोड पडली होती, लिंबाच्या फोडीएवढी. एरवी नळीतून ऊन येत नसे. "हे भरून राह्यलं," तो म्हणाला. "अजून चार-सा दिवसांनी पुरं भरन." मी बरं म्हणालो. त्याच्या अशा पुष्कळ गोष्टी असत. घागरीची गोष्ट मी ऐकलेली होती.

मग तो म्हणाला, "सायबाले अकराच्या आत आना. नाई तं दोनच्या बादमध्ये."

साहेब नागपूरहून येणार, वाटेत ब्रह्मपुरीला माझ्याकडे चहा, गडचिरोलीला जेवण. अकराच्या आत तो पोचत नव्हता. दोननंतर आणला तर त्याला उजेडात परत जायला उशीर होत होता; जंगलच्या रस्त्याला ते लोक भीत. अकरा का आणि दोन का, ते मी विचारलं.

तो थांबला. मग म्हणाला, "मधात सूर्य त्याच्या मांगं येऊन बसते."

सूर्य रोजच डोक्यावर येतो आणि रोजच चित्र दिसतं, हे मी त्याला सांगितलं. मी स्वतः पाहिलं आहे, असंही सांगितलं. तो पुन्हा वर पाहू लागला. आता, बाजारात समोरच्यानं अकरा म्हटलं आणि दोन म्हटलं, की सौदा कुठं जमतो ते शेंबडं पोरही सांगेल.

"तुमचं नाही, माझं नाही," मी म्हणालो. "साडेबारा धरू."

तो गप्प. भाव बोलल्यावर समोरचा गप्प बसला म्हणजे त्याला तो मान्य आहे. मी लहानपणापासून हेच शिकलो आणि यावरच घर बांधलं. रस्त्यावर गडचिरोलीच्या जीपचा हॉर्न वाजत होता, जीपवाला एका माणसासाठी थांबत नसतो. मी नमस्कार केला आणि निघालो. नंतर त्याच्या बायकोनं सांगितलं की मी फाटकाबाहेर गेल्यावर तो 'नाई' म्हणाला. मोठ्यानं म्हणाला म्हणे. ऐकायला अंगणात कोंबड्या होत्या.

पाचव्या दिवशी, साडेबाराला, साहेब आला. अंगात सफारी, पायात चकचकीत बूट, गडचिरोलीचं मटण पोटात. अंगणात मी खुर्ची मांडायला लावली होती, वर मांडव घातला होता. सकाळपासून चित्र आरशासारखं होतं. मी पाहून साहेबाला घ्यायला नाक्यावर गेलो होतो. आम्ही आलो तेव्हाही होतं. साहेब खुर्चीवर टेकला, खिशातून रुमाल काढून त्यानं तोंड पुसलं, आणि रुमाल खाली येईस्तोवर पडद्यावर पांढरे ठिपके उडायला लागले. आधी थोडे. मग माणसाचं तोंड गेलं, मग आवाज गेला, मग नुसती खरखर.

"हे काय?" साहेब म्हणाला. "वाळू चाळताय का?"

अंगणात बसलेले हसले. लोकांना बाहेरचा माणूस बोलला की हसायला येतं. मी वायरलेसभाऊकडे पाहिलं. तो नळीजवळ उभा होता. नळीखाली जमिनीवर उन्हाचा पूर्ण गोल पडला होता, रुपयासारखा, आणि तो त्या गोलाकडे पाहत होता. मी ओरडलो की काय झालं ते सांगा. त्यानं मान वर केली, आणि त्याचं ते थांबणं सुरू झालं.

साहेब घड्याळ पाहत होता. माझ्या डोळ्यांपुढे गडचिरोलीचा तो व्यापारी आला, सुतळीचा भाव विचारणारा. मला वाटलं, रात्री कोणा जनावरानं धक्का दिला असेल, छत्री हलली असेल. मी धावत गेलो, पाना उचलला, खालचा नट सैल केला आणि दोन्ही हातांनी छत्री फिरवली. आधी इकडे, मग तिकडे. खरखर तशीच. आणखी फिरवली. घाम डोळ्यांत जात होता. तो माझ्यापासून चार हातांवर, हाताची घडी घालून उभा होता. माझ्याकडेच पाहत होता. मी दमून छत्री सोडली तेव्हा कुठं तो बोलला.

"थोडं बसले असते तं आपोआप आलं असतं. सूर्य सरकून राह्यला आता. वर्सातून दोनदा, चार-आठ दिवस, तो नेमका वरच्याच्या मांगं येते."

खरंच, जमिनीवरचा गोल एका बाजूनं कापला जात होता. पण छत्रीचं तोंड आता कुठं होतं ते तिचं तिलाच माहीत. पुन्हा लावायची म्हणजे त्याला दिवस लागणार होता. साहेब उठला. तो कच्चा नव्हता, त्याला एवढं कळलं होतं की सामान सकाळपर्यंत चालत होतं. त्यानं मला विचारलंच नाही. वायरलेसभाऊला विचारलं, की यंत्रात खराबी आहे की बसवण्यात.

एक वाक्य पाहिजे होतं. वाऱ्यानं हलली म्हटलं असतं तरी चाललं असतं. तिथं कोणी खोटं म्हणणारा नव्हता.

तो थांबला, वर पाहिलं, आणि माझ्याकडे बोट करून म्हणाला, "यंत्र चांगलं हाये. बसोलंबी बराबर होतं. यायनं हलोलं."

साहेबानं माझ्याशी हात मिळवला. इतका मऊ हात मी आजवर हातात घेतला नाही. महिन्याच्या आत एजन्सी गडचिरोलीच्या त्या व्यापाऱ्याला गेली. उपग्रह कोणत्या दिशेला आहे हे विचारलं तर हा व्यापारी पूर्वेला बोट दाखवायचा.

मग मी वायरलेसभाऊकडे बरेच दिवस गेलो नाही. गेलो तो टेम्पो घेऊन, माझा माल माघारी आणायला. माल माझा होता, याबद्दल कोणाचंच दुमत नसावं.

मोहाचा हंगाम सुरू झाला होता. फाटकातून आत पाऊल टाकलं तो आंबूस-गोड वास आला. पाहतो तर माझ्या छत्रीत जुन्या लुगड्याचा पदर अंथरलेला, आणि त्यावर मोहाची फुलं वाळत घातलेली. ओंजळभर नाही, पाट्याच्या पाट्या. वर तोंड करून पसरलेली, खालून हवा लागणारी, कोंबड्या चढणार नाहीत अशी वस्तू गावात दुसरी नव्हती, हे कबूल. सगळ्या टोल्याचा मोह तिथं होता. बाया दिवसभर पसरत, आणि संध्याकाळी मराठी कार्यक्रमाच्या आधी लुगडं गोळा करून घेत. चित्र पुन्हा आलं होतं म्हणजे. त्यानं लावली होती.

माझा संताप झाला. एवढ्या महागाची वस्तू, आणि तिचं यांनी सूप केलं. मी टेम्पोवाल्याला म्हटलं, चढव सगळं. दोन बाया उठल्या आणि आपापली फुलं टोपल्यांत भरायला लागल्या. एक गोंड म्हातारी होती. तिला मराठी फारसं येत नव्हतं. तिनं वायरलेसभाऊच्या बायकोला काहीतरी विचारलं.

"काय म्हणते?" मी म्हणालो.

"इचारून राह्यली, ते धानवाली बाई आता कुठी दिसन म्हनून," बायको म्हणाली. तिचं बोलणं त्या दिवशी एवढंच.

वायरलेसभाऊ पाना घेऊन आला आणि स्वतः नट काढायला बसला. फासळ्या उलटसुलट होऊ नयेत म्हणून प्रत्येकीला कोळशानं खूण करत होता. मी उभ्यानंच त्याला विचारलं. एवढे दिवस जे मनात साठलं होतं ते विचारलं, की तुम्ही चार हातांवर होता, मी नट सैल करत होतो, तुम्हाला कळत होतं. माझा हात का नाही धरला?

त्यानं पाना खाली ठेवला. वर पाहिलं नाही. या वेळी माझ्याकडेच पाहत राहिला. टेम्पोवाल्यानं विडी पेटवली, ती अर्धी झाली.

"मी वाट पाहून राह्यलो होतो," तो म्हणाला. "मले वाटलं, तुमी थांबसान."

हे उत्तर मला तेव्हा पटलं नाही आणि आजही पटत नाही. माणूस विहिरीत पडत असताना तो काठावर थांबेल याची वाट पाहायची नसते. हात धरायचा असतो, शिवी द्यायची असते, लाथ मारायची असते. मी त्याला हे सगळं ऐकवलं. त्यानं ऐकून घेतलं. मग पाना उचलून पुढचा नट काढायला लागला.

छत्री सुटी झाली, फासळ्या टेम्पोत गेल्या, जाळीची गुंडाळी गेली. खाली उरला टीव्ही, तो डबा, आणि जाळीतलं कणीस. ती गोंड म्हातारी टीव्हीच्या बंद काचेसमोर बसली होती, टोपली मांडीवर घेऊन. टेम्पोवाला डबा उचलायला वाकला.

मी म्हणालो, "राहू दे. मावत नाही."

टेम्पोवाल्यानं मागं वळून टेम्पोत पाहिलं. आत एक म्हैस आरामात उभी राहिली असती. तो म्हणाला, "सेठ, जागा तं..."

"मावत नाही म्हटलं ना."

आणि आम्ही निघालो. वायरलेसभाऊ फाटकापर्यंत आला. काही म्हणाला असेल तर ते टेम्पो गेल्यावर म्हणाला असेल.

बुरडाकडून बांबूच्या कामट्या विणून घेतल्या, वर बाजारातली जाळी ताणली, आणि पावसाळ्याच्या आत त्याची छत्री पुन्हा उभी राहिली, असं मला जीपवाल्यांकडून कळलं. डबा, कणीस आणि टीव्ही असला की बाकी जाळी आणि काड्या. माझ्या लोखंडी फासळ्या मागच्या अंगणात पडल्या. त्यांच्या कोळशाच्या खुणा पहिल्या पावसात धुऊन गेल्या, आणि जाळीचं घरच्यांनी खुराडं केलं.

ब्रह्मपुरीच्या बाजारात ही गोष्ट अजून सांगतात. एवढा पक्का गडी, पण धानोऱ्याच्या म्हाताऱ्यानं महागाचा डबा ठेवून घेतला आणि याच्या गळ्यात कोंबड्यांची जाळी मारली. माझ्या दुकानात बसून, माझाच चहा पिऊन सांगतात. डब्याची किंमत मला माहीत नव्हती, असं त्यांना वाटतं. मी ते खोडून काढत नाही. गिऱ्हाइकाला आपण एकदा फसलेले दिसलो की तो भाव करायला बिनधास्त येतो.